करपलेली वात

जे काम करू नये असे आपले मत आहे, तेच काम नीट कसे करावे असे कोणी आपणांस विचारले, तर उत्तर द्यावे की न द्यावे? ग्रंथांत वाचताना हा प्रश्न फारसा अवघड वाटत नाही. पण तो विचारणारा घरचाच माणूस असला, स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभा असला आणि उत्तर आपणांस नेमके ठाऊक असले, म्हणजे मोठी पंचाईत होते. आमची तशी पंचाईत गेल्या मार्गशीर्षात झाली. बदलीच्या गावी राहणाऱ्या आमच्या वाचकबंधूंपैकी अनेकांच्या घरी असे प्रसंग येत असतील, म्हणून त्याची हकीकत येथे मांडीत आहोत.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत आणि येलहंक्यास बिऱ्हाड करून राहतो. एका बाजूला रेल्वेच्या चाकांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला वायुदलाचा तळ. १९९६ सालापासून त्या तळावर विमानांचे प्रदर्शन भरते आणि तेवढे दिवस गावातील मुलांच्या माना आभाळाकडे लागलेल्या असतात. एरवी गाव शांत आहे. आमच्या पत्नीचा धाकटा भाऊ तीन वर्षे इंग्लंडात नोकरी करून परतला आणि बेंगळुरातच काम मिळाल्याने काही महिने आमच्याकडे राहावयास आला. आम्हांस जुने रेडिओ व शेगड्या दुरुस्त करण्याचा नाद आहे, हे त्यास ठाऊक होते. एका शनिवारी संध्याकाळी त्याने खिशातून बोटभर लांबीचे एक यंत्र काढून आमच्यापुढे धरले आणि म्हणाला, "दाजी, हे जरा बघा. चार दिवस झाले, ओढले की करपट लागते. काय बिघडलं असेल?"

ती विजेवर चालणारी सिगारेट होती. तरुण मंडळी तिला 'व्हेप' म्हणतात. बारा वर्षांची सिगारेट सोडण्यासाठी तिकडे त्याने ती घेतली होती आणि येथील कायद्याची कल्पना नसल्याने सामानातून आणली होती.

यंत्र उघडून पाहताच बिघाड काय तो आमच्या ध्यानी आला. अशा यंत्रात एक बॅटरी असते, द्रवाची एक लहानशी टाकी असते आणि मधोमध विरोधक तारेचे एक वेटोळे असते. वेटोळ्यात कापूस भरलेला असतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, काही सुगंध आणि बहुधा निकोटीन यांचे मिश्रण त्या कापसात शोषले जाते. तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती ओढणाऱ्याच्या छातीत जाते. एकंदरीत ही समईच होय. समईच्या वातीला जोवर तेल पोहोचते तोवर तेल जळते, वात जळत नाही. तेल सरले की वात स्वतःच जळू लागते आणि देवघरभर तिचा वास पसरतो. मेहुण्याच्या यंत्रातील कापूस असाच काळा पडला होता.

नवशिक्यास या बाबतीत जे सांगतात ते चार वाक्यांत संपते. नवे वेटोळे बसविले की कापूस आधी द्रवाने भिजवावा आणि टाकी भरल्यावर पाचदहा मिनिटे थांबावे. वेटोळ्यावर जितक्या शक्तीचा आकडा छापलेला असतो त्याच्या खालच्या टोकापासून सुरुवात करावी. लागोपाठ झुरके न घेता कापसास पुन्हा ओला होण्यास अवधी द्यावा, आणि टाकी तळाशी जाऊ देऊ नये. फार घट्ट द्रव कापसात सावकाश चढतो, फार गोड द्रवाची तारेवर काजळी धरते. एवढे करूनही कापूस एकदा करपलाच, तर तो कशानेही सुधारत नाही. वेटोळेच बदलावे लागते. खाली लागलेल्या दुधात कितीही वेलदोडा घातला तरी त्याचा वास जात नाही, तसेच हे.

हे सारे आमच्या जिभेवर आले होते, आणि तेथेच अडले.

अडण्याचे पहिले कारण कारकुनी होते. कर्नाटक सरकारने या यंत्रांवर २०१६ सालीच बंदी घातली होती. पुढे १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. या यंत्रांचे उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठा व जाहिरात या साऱ्यांस देशभर मनाई आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. ज्या सरकारचे मीठ आम्ही खातो त्याने निषिद्ध ठरविलेल्या वस्तूची निगा कशी राखावी हे आम्हीच शिकवावे काय? मनाने तत्काळ शेरा मारला : 'विनंती मान्य करता येत नाही.'

परंतु कारकुनाच्या शेऱ्याने कचेरीतील प्रकरण मिटते, माणसाच्या मनातील नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बेकरी आहे. तेथे पावाच्या शेजारीच सिगारेटची पाकिटे मांडलेली असतात आणि विकत घेणाऱ्यास कोणी काही विचारीत नाही. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील सुमारे २६ कोटी ७० लाख प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. त्या साऱ्यांचा व्यवहार कायद्यात बसतो. इंग्लंडात उलट प्रकार आहे. तेथील सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ साली ही वाफ धुरापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज दिला, त्यावर पुष्कळ वाद झाला, आणि तरीही २०२३ साली दहा लाख धूम्रपींना ही यंत्रे पुरविण्याची योजना तेथील सरकारने जाहीर केली. त्याच देशाने १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या यंत्रांच्या विक्रीस बंदी केली. कारण मुले त्यांच्या नादी लागली होती आणि कचरा वाढत होता. म्हणजे एकाच वस्तूस एक राज्य औषध म्हणते, दुसरे राज्य विष म्हणते आणि पहिल्यासही काही वर्षांनी तिचे एक रूप नकोसे होते. कायदा पाळावा याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पण मेहुण्याच्या प्रश्नाचे नैतिक उत्तर कायद्याच्या कलमांत सापडेल ही आशा आम्हांस सोडावी लागली.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते आमच्या घरातच आहे. आम्ही निपाणीचे. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची पेठ. वखारींच्या दारांवरून जाताना डोळे चुरचुरत आणि त्या धुळीत बायका दिवसभर काम करीत. १९८१ साली तंबाखूस रास्त भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बेंगळूर हमरस्ता अडविला होता, आणि एप्रिल महिन्यात झालेल्या गोळीबारात शेतकरी प्राणास मुकले. ती कथा आम्ही आजोबांच्या तोंडून ऐकली. आजोबा एका वखारीत मुनीम होते. आमच्या वडिलांचे शिक्षण तंबाखूवर झाले, आणि आमच्या पदवीतही त्या पैशाचा अंश आहे. तंबाखूस नुसते पाप म्हणून मोकळे होण्याची सोय निपाणीच्या माणसास नाही.

आजोबा चिलीम ओढीत, आणि ओढावयास शिकवीतही. वखारीतील नवखे पोरगे चिलमीला हात घाली तेव्हा आजोबा त्यास जवळ बसवून सांगत : छापी ओली करून पिळून घे, खडा नीट बसव, विस्तव वर ठेव पण दाबू नकोस, ओढ लांब नको, नाहीतर तंबाखू करपेल आणि ठसका लागेल. त्यांच्या स्वरात जिव्हाळा होता. ठसका लागलेल्या पोराची पाठ ते स्वतः चोळीत. आमचे वडीलही त्याच पंगतीत बसून शिकले. पुढे ते विडीकडे वळले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी फुप्फुसाच्या विकाराने गेले. आजोबांनी त्यांना एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. शिकविले ते सारे खरे होते, उपयोगी होते, मायेने सांगितलेले होते. ठसका लागू नये एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती पुरेपूर सफल झाली.

येथे 'मृच्छकटिका'तील शर्विलकाची आठवण होते. चारुदत्ताच्या भिंतीस भोक पाडण्यापूर्वी हा ब्राह्मण चोर विटा पक्क्या की कच्च्या याचा शास्त्रोक्त विचार करतो, भगदाडाचा आकार कोणता शोभेल हे ठरवितो आणि मापाची दोरी नाही म्हणून गळ्यातील जानव्याने माप घेतो. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्यास त्या कारागिरीचे कौतुकही वाटते. शूद्रकाने फार मार्मिक गोष्ट दाखविली आहे : कौशल्य हे कृतीच्या बरेवाईटपणाविषयी काही बोलत नाही. भिंत सुबक फुटली म्हणजे चोरी सुबक होत नाही. मात्र सुबकतेत गुंतलेल्या मनास आपण काय करीत आहोत याचा काही काळ विसर पडतो. नवशिक्यास दिलेल्या प्रत्येक सल्ल्यात हा धोका आहे. 'कसे' या प्रश्नात माणूस इतका रमतो की 'का' हा प्रश्न ओसरीवर ताटकळत राहतो.

तर मग करपट चव राहू द्यावी काय? तीच या यंत्राची सदसद्विवेकबुद्धी आहे, ती बंद करण्यास आपण मदत करू नये, असे म्हणण्याचा आम्हांस मोह झाला. पण थोडे वाचल्यावर हा विचारही पुरता टिकेना. २०१५ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथील संशोधकांनी यंत्राच्या साहाय्याने अशी वाफ ओढून तपासली. विजेचा दाब कमी असताना त्यांना फॉर्माल्डिहाइडशी निगडित द्रव्ये आढळली नाहीत. दाब वाढविल्यावर ती मोठ्या प्रमाणात आढळली. त्यावर इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतला तो असा, की इतक्या तापलेल्या तारेची वाफ कोणी माणूस ओढणारच नाही, कारण पहिल्याच झुरक्यास तोंड करपेल. प्रयोगशाळेतील यंत्रास जीभ नव्हती, म्हणून ते ओढीत राहिले.

हा वाद वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो. करपट चव ही विषाची खूण आहे, एवढे तर खरे ठरले. ज्यास ती लागते आहे त्यास तिचा अर्थ न सांगणे म्हणजे त्याला त्याच वाफेत सोडून देणे होय. चार दिवस तो करपलेला कापूस ओढीत होता आणि आम्ही नीतीचा विचार करीत होतो! दुसरीकडे, चव चांगली लागली म्हणजे विष नाही, हेही खरे नव्हे. २०१९ साली अमेरिकेत अशा यंत्रांतून वाफ ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या तीव्र विकाराची साथ उसळली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्ण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ माणसे दगावली. दोष मुख्यतः गांजाच्या अर्काच्या बनावट द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा निघाला. आत ते आहे याचा सुगावा ओढणाऱ्याच्या जिभेस लागत नव्हता. जीभ प्रामाणिक साक्षीदार आहे, पण तिने सारे पाहिलेले नसते. माणसाच्या विवेकाचेही असेच आहे.

या यंत्राचा जन्मही आमच्यासारख्याच एका घरातला आहे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ साली तंबाखूविरहित सिगारेटीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पेटंट मिळाले, पण बाजार मिळाला नाही. आज प्रचारात असलेले यंत्र २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधनिर्मात्याने घडविले. तो स्वतः अतोनात सिगारेट ओढीत असे आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले होते. पितृशोकातून जन्मलेली वस्तू पुढे शाळकरी मुलांच्या दप्तरात सापडावी, यात होन लिकचा दोष किती? आजोबांचा होता तितकाच, असे आम्हांस वाटते. वस्तू किंवा सल्ला आपल्या हातून निघाला की तो कोणाच्या हाती जाईल यावर आपली सत्ता नसते.

अखेर आम्ही काय केले ते सांगतो. आम्ही मेहुण्यास कारण सांगितले : कापूस जळला आहे, ही चव म्हणजे जळण्याचीच चव आहे, यातून आता एकही झुरका घेऊ नकोस. नवे वेटोळे कोठे मिळेल हे त्याने विचारले तेव्हा आम्ही साफ नकार दिला, कायदा सांगितला आणि सिगारेटचे दुष्परिणामही सांगितले. तो हसून म्हणाला, "दाजी, मी कापसाचं विचारलं होतं." यंत्र त्याने उचलले आणि तो खोलीत गेला. आम्हांस समाधान वाटले. सत्य दडविले नाही, निषिद्ध कामी हातभार लावला नाही. टिपण निर्दोष झाले होते.

पंधरा दिवसांनी कचेरीतून परतताना आम्ही त्यास बेकरीपाशी पाहिले. हातात सिगारेट होती. त्याने आम्हांस पाहिले आणि लपविण्याचा प्रयत्न केला नाही. जवळ गेलो तेव्हा शांतपणे म्हणाला, "नळी टाकून दिली, दाजी. ही मात्र कायद्यात बसते."

त्या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमचे हात स्वच्छ राहिले होते आणि त्या स्वच्छतेची किंमत त्याची छाती देत होती. सल्ला द्यावा की न द्यावा, या वादात आम्ही सारा वेळ आमच्याच निष्पापपणाची काळजी वाहत होतो, हे त्या क्षणी कळले. आजोबांनी शिकविले आणि उठून गेले. आम्ही नकार दिला आणि उठून गेलो. दोघांच्या वागण्यात वरवर केवढे अंतर दिसते! पण उठून जाणे दोघांचेही सारखेच.

आमची स्वतःची सिगारेट सुटून सहा वर्षे झाली. ती कशी सुटली हे त्या रात्री आठवले. कचेरीतील एक ज्येष्ठ सहकारी दुपारी चारला, नेमकी आमच्या झुरक्याच्या वेळी, टेबलाशी येऊन उभे राहत आणि "चला" म्हणत. आवारातील पिंपळापर्यंत जाऊन आम्ही परत येत असू. त्या काळात त्यांनी तंबाखूविषयी एक अक्षर उच्चारले नाही. बोलणे पगारवाढीचे, पावसाचे, त्यांच्या मुलीच्या स्थळांचे. सहा महिने ते रोज आले. उपदेशास पाच मिनिटे लागतात. ते दिवसाची वीस मिनिटे देत होते.

यावरून आम्हांस एवढेच कळते की 'सांगावे की न सांगावे' हा प्रश्न अपुरा आहे. जो सांगतो तो त्या कामाचा वाटेकरी होतो, आणि जो नकार देतो तोही वाटेकरीच असतो. नकार देणाऱ्याने विचारणाऱ्याची गरज अमान्य केली असेल, पण ती नाहीशी केलेली नसते. ज्या दारावर आपण कुलूप लावतो त्याच्या शेजारचे दार उघडून देण्याचे ऋण आपल्या शिरावर येते. राज्याने हे ऋण किती फेडले याचा हिशेब राज्यकर्त्यांनी द्यावा. १८००-११-२३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांस विनामूल्य सल्ला मिळतो आणि बेंगळुरातच निम्हान्समध्ये व्यसनमुक्तीचा स्वतंत्र विभाग आहे, हे आम्ही सरकारी नोकर असूनही मेहुण्यास पहिल्या दिवशी सांगितले नव्हते. कलम सांगितले होते. आमच्या ऋणाचा हिशेब मात्र आम्हांसच द्यावयाचा आहे.

गेल्या महिन्यात एक दिवसाची नैमित्तिक रजा टाकून आम्ही त्याच्याबरोबर तेथे गेलो. निकोटीनचे च्युइंगगम कसे चघळावे, किती वेळ गालात धरावे, हे तेथे त्यास समजावून सांगण्यात आले. तेही नवशिक्यास दिलेले धडेच होते; भरभर चघळले तर तोंड चुरचुरते, उचकी लागते. ऐकताना आम्हांस आजोबांची छापी आठवली. फरक एवढाच, की येथे सांगणाऱ्याने पुढच्या भेटीची तारीख लिहून दिली.

आता रोज संध्याकाळी सातला आम्ही दोघे तलावाकाठी फेरी मारतो. तो पूर्वी याच वेळी बेकरीवर जात असे. बोलणे बहुतेक इंग्लंडातील थंडीचे आणि निपाणीतील माणसांचे. बाराव्या दिवशी तो चालता चालता थांबला आणि म्हणाला, "दाजी, आज दुपारी एक ओढली." आम्ही काही बोललो नाही. विचारल्यावाचून त्याने सांगितले होते, तेवढे त्या दिवसापुरते पुरेसे वाटले. थोडा वेळ उभे राहून आम्ही फेरी पुरी केली.